सुंग त्स याचा ‘शी युआन ची लू’ व मृत्युकालनिर्णय

चीनमधील न्यायाधिकारी सुंग त्स यानें इ. स. १२४७ त रचिलेला हा प्रेतपरीक्षेवरील ग्रंथ हल्लीं बहुधा एकाच गोष्टीसाठीं उल्लेखिला जातो. खुनानंतर गांवांतील विळे जमिनीवर ठेवविले असतां एकाच विळ्यावर माश्या बसल्या व मारेकरी सांपडला, ही ती गोष्ट. कीटकांवरून मृत्युकाल ठरविण्याच्या शास्त्राचा उगम तींत दाखविण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मतें तो टिकत नाहीं. माश्यांनीं तेथें रक्ताचा माग दाखविला, काळाचा नव्हे. त्या पद्धतीचा पाया मेन्यँ याच्या १८९४ च्या फ्रेंच ग्रंथांत आहे.

काळाविषयीं ग्रंथकाराचें खरें कर्तृत्व ऋतुमानाच्या प्रकरणांत आहे. कोणत्या ऋतूंत किती दिवसांनीं प्रेताचा वर्ण पालटतो व किडे पडतात हें सांगून तो प्रमाण बांधतो : कडक थंडीचे पांच दिवस म्हणजे कडक उन्हाळ्याचा एक. रोजच्या उष्णमानाची बेरीज करून कुजण्याची मजल मोजण्याची रीत आज प्रचारांत आहे. तिचें बीज येथें दिसतें. स्थूल व तरुण देह लवकर नासतो, कृश व वृद्ध उशिरां. उत्तर-दक्षिणेचें हवामान भिन्न. म्हणून प्रसंग पाहून निर्णय करावा, असेंही तो बजावितो. ग्रंथकार फूज्यानचा व अधिकार हूनानचा. तेव्हां त्याचे आंकडे सर्वत्र जसेच्या तसे लावणें त्याच्याच मताविरुद्ध होईल.

ही सावधगिरी किती योग्य होती, हें अमेरिकेंतील एका प्रकरणावरून दिसतें. १९७७ त टेनेसींत एका उकरलेल्या थडग्यांतील प्रेताचें मांस ताजें पाहून विल्यम बास या तज्ज्ञानें मृत्यु वर्षाच्या आंतला ठरविला. तें प्रेत १८६४ त नॅशव्हिलच्या लढाईंत पडलेल्या कर्नल शाय याचें निघालें! मसाल्यानें व लोखंडी पेटीनें तें राखलें होतें. पुढें बास यानेंच प्रेतें कशीं कुजतात याच्या प्रत्यक्ष निरीक्षणाकरितां संशोधनक्षेत्र उभारिलें.

पाठाविषयीं एक सूचना अवश्य आहे. जाइल्सचें १९२४ चें इंग्रजी भाषांतर चिंग काळांतील वाढविलेल्या ग्रंथावरून झालें आहे. मॅकनाइटचें १९८१ चें जुन्या पाठावरून. तेराव्या शतकाचें मत म्हणून उतारा देणारानें दुसरेंच पाहावें.

प्रेतपरीक्षेंत एका दिवसाच्या चुकीनें निरपराध्याच्या गळ्यांत फांस पडूं शकतो. दप्तरांच्या बाबतींत इतकें भय नाहीं. तथापि रुमाल कोठें व कसा राहिला हें न विचारतां कागदाच्या जीर्णतेवरून शक ठरविणारांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें.