ध्यानाचं अ‍ॅप आणि झोपेची गोष्ट

श्रोतेहो, मागच्या व्याख्यानानंतर एकांनी विचारलं होतं, "सर, ध्यान आता मोबाइलवर मिळतं, मग ग्रंथ कशाला उघडायचे?" प्रश्न चेष्टेचा नव्हता. म्हणून आज आम्ही ध्यानाच्या एका प्रसिद्ध अ‍ॅपचा विचार करणार आहोत. त्याचं नाव 'काम', म्हणजे इंग्रजीतला 'शांत'. आपल्याकडे 'काम' म्हणजे उद्योग आणि वासनाही. हा योगायोग समजा, पुढे जाऊ.

कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक अ‍ॅलेक्स ट्यू. विद्यार्थी असताना, २००५ साली, त्याने एका वेबपानावरचे दहा लाख ठिपके एकेका डॉलरला जाहिरातीसाठी विकले. पुढे २०११ साली त्याने आणखी एक पान केलं. त्यावर समुद्राचं चित्र, लाटांचा आवाज आणि दोन मिनिटांचं घड्याळ. दोन मिनिटं काहीही करायचं नाही. माउसला हात लागला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. बस्स, एवढंच.

आम्हाला विचाराल तर ते पान फार प्रामाणिक होतं. आपला हात किती चुळबुळा आहे, हे ते दाखवायचं आणि मग आपल्याला सोडून द्यायचं. त्याला शेवट होता.

२०१२ साली ट्यू आणि मायकेल अ‍ॅक्टन स्मिथ यांनी 'काम' सुरू केलं. २०१७ साली अ‍ॅपलने त्याला वर्षातलं सर्वोत्तम अ‍ॅप ठरवलं, आणि २०१९ साली कंपनीचं मूल्य एक अब्ज डॉलर धरलं गेलं. तिची ओळख झाली ती निद्राकथांमुळे. मोठ्यांसाठी झोपताना ऐकायच्या गोष्टी, बरं का! स्टीफन फ्राय हा नामवंत ब्रिटिश नट संथ आवाजात फ्रान्समधल्या लॅव्हेंडरच्या शेतांचं वर्णन करतो. ऐकणाऱ्याचा डोळा लागला की गोष्ट यशस्वी.

आता मौज पाहा. हे अ‍ॅप जे सजगतेचं ध्यान शिकवतं, त्याचं मूळ बौद्ध परंपरेत. 'बुद्ध' या शब्दाचा अर्थच 'जागा झालेला'. ध्यानाच्या आड येणारी जी पाच नीवरणं सांगितली आहेत, त्यांत 'थीनमिद्ध', म्हणजे आळस आणि पेंग, हे एक आहे. जागं करणारी विद्या बाजारात गेली आणि तिची अंगाई झाली.

अंगाईला आम्ही कमी लेखत नाही. तीन वर्षांपूर्वी आमची झोप पार उडाली होती. नातीने फोनवर असंच एक अ‍ॅप घालून दिलं. झोप लागू लागली, हे कबूल केलंच पाहिजे. पण पहाटे चारला जाग यायची, आणि जाग आली की धाकटा भाऊ आठवायचा. घराच्या वाटणीवरून त्याच्याशी सहा वर्षं अबोला होता. चूक बरीचशी आमची होती. आम्ही पुन्हा फोन कानाशी लावायचो आणि लाटा ऐकायचो.

इथे टीकेचा खरा मुद्दा येतो. परंपरेने क्रम लावला आहे तो शील, समाधी, प्रज्ञा असा. पतंजलींच्या आठ अंगांत ध्यान सातवं, आणि आरंभ अहिंसा-सत्यापासून. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरातही आधी पंचशील घ्यावं लागतं, मग डोळे मिटायचे. म्हणजे मन अस्वस्थ का आहे, आपण कुणाला दुखावलं आहे, हा प्रश्न वाटेवर पहिलाच भेटतो. अ‍ॅप तो विचारत नाही. विचारणार तरी कसं? त्याचा व्यवहार वर्गणीवर चालतो. वर्गणीदार उद्या परत यायला हवा. गुरूचं समाधान मात्र शिष्याला आपली गरज उरली नाही यात असतं.

तेव्हा अ‍ॅप जरूर वापरा. रात्र काढायला त्याची मदत होते. फक्त झोप लागली म्हणजे ध्यान झालं, असं समजू नका.

आम्ही शेवटी एका सकाळी भावाला फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "दादा, चहा झाला का तुझा?"

आता तुमचे प्रश्न घेऊ.