पॉम्पेई : पोकळीत आपण काय भरतो?

पॉम्पेईत फिरताना आपण दगडी रस्त्यांवर गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या बघतो, पाव भाजायच्या भट्ट्या बघतो. पण पाय थबकतात ते माणसांच्या आकृत्यांपाशी. त्या कशा झाल्या? इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली माणसं गाडली गेली, देह कुजले आणि घट्ट झालेल्या राखेत पोकळ्या उरल्या. १८६३ साली फिओरेल्लीनं त्यांत प्लास्टर ओतलं.

आता बघा, प्लास्टर त्यानं भरलं. अर्थ भरला आपण. ‘सोन्याच्या कंकणाच्या घरा’तली ती प्रौढ आकृती घ्या. हातात कंकण, मांडीवर मूल, म्हणजे आईच! वर्षानुवर्षं हेच सांगितलं गेलं. २०२४ मध्ये डीएनए तपासणीचे निष्कर्ष आले : तो पुरुष होता, आणि मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं.

मग आपले डोळे पाणावले, ते खोटं का? खोटं नव्हे. पण ते पाणी आपल्या मनातल्या आईसाठी होतं. समोरच्या माणसाला आपण पाहिलंच नव्हतं. तेव्हा अवशेष बघायला जाताना एवढं पथ्य पाळू या : आधी नीट बघू, गोष्ट मागाहून सांगू.