पाण्यावाचून धावणारी फटफटी

'डेडलँड्स' या अमेरिकी रोलप्लेइंग खेळात वाफेवर चालणारी मोटरसायकल विकत मिळते. तिला तिथे स्टीम व्हेलोसिपीड म्हणतात. खेळणाऱ्याचे पात्र शास्त्रज्ञ असेल तर ती विकत घेण्याचीही गरज नाही. ती स्वतःच्या हाताने बनवता येते, तिला हवे ते जोडता येते. गॅटलिंग बंदूक, ज्वाला फेकणारी नळी, शेजारच्या माणसासाठी बाजूची डोली. हा खेळ खेळणाऱ्यांत या गाडीचे वेड मोठे आहे आणि ते मला समजते. मात्र या गाडीत, आणि तिला जन्म देणाऱ्या 'विअर्ड वेस्टर्न' या प्रकारात, एक मोठी गाळलेली जागा आहे. या लेखात मला त्या जागेकडे बोट दाखवायचे आहे.

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण जग सांगतो. 'डेडलँड्स'मध्ये त्याला मार्शल म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात, तोंडाने कथा पुढे नेतात आणि जिथे यशापयशाचा प्रश्न येतो तिथे फासे टाकतात. शेन लेसी हेन्स्ली यांनी हा खेळ १९९६ मध्ये पिनॅकल या प्रकाशनातर्फे आणला. त्यातला इतिहास १८६३ च्या जुलैत फाटतो. गेटिसबर्गच्या रणांगणावर मेलेले उठून बसतात, अमेरिकेतले यादवी युद्ध संपतच नाही, १८६८ च्या भूकंपात कॅलिफोर्निया समुद्रात कोसळून तिच्या जागी उंच सुळक्यांचा चक्रव्यूह तयार होतो. त्या सुळक्यांत एक नवा दगड सापडतो, घोस्ट रॉक. तो कोळशापेक्षा कितीतरी जास्त तापतो, जास्त वेळ जळतो आणि जळताना किंचाळतो. खेळातली सगळी अफाट यंत्रे या दगडावर चालतात.

अशा पुस्तकाला साहित्य म्हणावे की नाही, या वादात मी पडत नाही. ज्या पुस्तकात एक जग आहे, त्या जगाचा इतिहास आहे आणि वाचकाला पात्र होऊन आत शिरण्याची मुभा आहे, त्याला कादंबरीइतकेच कडक प्रश्न विचारायला हवेत. उलट जरा जास्तच कडक, कारण इथे वाचक नुसता वाचत नाही, तो त्या जगाच्या कायद्याने वागतो.

या कायद्यांतला एक मला फार आवडतो. मूळ आवृत्तीत शास्त्रज्ञाला नवे यंत्र सुचायचे असेल तर पत्ते ओढावे लागतात आणि यंत्र जितके अचाट तितका पोकरचा डाव मोठा लागतो. जोकर निघाला तर बुद्धी चळण्याची भीती, कारण या कल्पना त्याच्या स्वतःच्या नसतातच. कानाशी कुजबुजणारी पिशाच्चे त्या पुरवतात. यंत्र तयार झाले तरी त्याला भरवशाचा एक आकडा चिकटतो आणि तो ओलांडला गेला की यंत्र बिघडते, कधी किरकोळ, कधी आपल्या मालकासकट. शोध लावणे हा जुगार आहे आणि जुगारात समोर कोण बसले आहे हे आपल्याला ठाऊक नसते, हे एवढे नेमके सांगणारी दुसरी नियमावली माझ्या पाहण्यात नाही. इथे नियमच रूपक होतो. लेखकाला वेगळे भाष्य करावे लागत नाही.

पण हे नियम फक्त शास्त्रज्ञाच्या डोक्यापुरते आणि यंत्राच्या बिघाडापुरते आहेत. गाडी चालत असताना तिला काय लागते, याबद्दल खेळ जवळजवळ गप्प आहे. खऱ्या गाड्यांकडे पाहिल्यावर ही गप्पी खुपू लागते.

वाफेची मोटरसायकल ही कल्पित वस्तू नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या रॉक्सबरी इथल्या सिल्व्हेस्टर रोपर यांनी १८६९ च्या सुमारास तयार केलेली गाडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. लाकडी चाके, त्यांवर बैलगाडीला असते तशी लोखंडी धाव. दोन चाकांच्या मध्ये, स्वाराच्या मांड्यांखाली, लोणारी कोळशाची भट्टी आणि उभा बॉयलर. दोन्ही बाजूंना एकेक सिलिंडर, त्यांचे दांडे थेट मागच्या चाकाला. पाण्याची टाकी कुठे? बसायच्या जागेतच. म्हणजे स्वार पाण्यावर बसलेला आणि विस्तवाला पाय फाकवून धरलेला. एकशे पन्नास वर्षांनंतर कुठल्याही हौशी खेळाडूने आपल्या वहीत काढलेले चित्र या गाडीइतके विचित्र नाही. रोपर ७२ व्या वर्षी, १ जून १८९६ रोजी, केंब्रिजमधल्या सायकल शर्यतीच्या धावपट्टीवर आपली नंतरची वाफेची सायकल पळवताना कोसळले आणि मरण पावले. बॉयलर फुटला नव्हता. हृदय थांबले होते.

(भाषेचा एक मुद्दा. मराठीत मोटरसायकल म्हणजे फटफटी, हिंदीत फटफटिया. दिल्लीत तर युद्धातून उरलेल्या हार्ले-डेव्हिडसनच्या मागे प्रवासी डबा जोडून तयार केलेली वाहने याच नावाने कित्येक वर्षे धावली. 'कस्टम' म्हणावे तर ती. पण हे नाव पेट्रोल इंजिनाच्या स्फोटांवरून पडले आहे. वाफेच्या गाडीत स्फोट नाहीत, ती सुसकारते. या लेखाच्या शीर्षकातला शब्द त्या अर्थाने चुकीचाच आहे, पण 'सुसकारी' कोणी म्हणणार नाही.)

आता पाणी. वाफेच्या इंजिनाला विस्तव लागतो त्यापेक्षा पाणी जास्त सतावते. वाफ काम करून हवेत जाते, ती परत येत नाही. आगगाड्यांना वाटेत ठिकठिकाणी टाक्या लागत त्या याचसाठी. अमेरिकेच्या पश्चिमेत कित्येक वस्त्यांच्या जागा इंजिनाच्या तहानेने ठरवल्या. आसनाखालच्या टाकीत मावेल एवढ्या पाण्यावर जाणाऱ्या गाडीचे तर विचारायलाच नको. घोस्ट रॉकने इंधनाचा प्रश्न सुटतो, पण त्याने प्रश्न उलट तीव्र व्हायला हवा: आच जितकी जास्त, तितके पाणी लवकर उडणार. वाळवंटात, पाण्याची सोय नसलेल्या मुलुखात, किंचाळणाऱ्या दगडावर भरधाव जाणारी गाडी दर थोड्या मैलांवर विहीर शोधत फिरायला हवी.

आणि वेस्टर्न हा प्रकार मुळात विहिरीचाच तर आहे. कोणाच्या कुरणात पाणी आहे, कोणी प्रवाह अडवला, घोडा कुठवर टिकेल. घोड्याला तहान लागते म्हणून त्याच्यावरच्या माणसाला लोकांशी बोलावे लागते, परवानगी मागावी लागते, भांडावे लागते. मोटरसायकलची तहान पुसून टाकली की स्वार एकटा आणि मोकळा होतो, पण त्याची गोष्टही पातळ होते. आमच्या टेबलावर हैदराबादचा एक खेळाडू एकदा सहज विचारून गेला, "हिला पाणी कोण घालतं?" मार्शलने पुस्तक चाळले, मग खांदे उडवले. त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला प्रसंग त्या एका प्रश्नातून निघाला असता. आम्ही तो सोडून पुढच्या गोळीबाराकडे गेलो.

खेळाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. घोस्ट रॉक का किंचाळतो, तर त्यात शापित आत्मे अडकलेले आहेत. स्वार ज्यावर धावतो तो कोणाचा तरी यातनाभोग आहे. जीवाश्म इंधनाच्या शतकाबद्दल याहून जळजळीत प्रतिमा गंभीर साहित्यातही फारशी सापडत नाही. पण प्रतिमा जितकी मोठी, तितका तिचा हिशेब कच्चा. ते आत्मे निनावी आहेत, सामान्य दुष्टांचे. पश्चिमेच्या वेगाची किंमत प्रत्यक्षात ज्यांनी मोजली ते मात्र निनावी नव्हते.

इथे या गाडीची वंशावळ पाहावी लागते. १८६८ मध्ये एडवर्ड एलिस यांची 'द स्टीम मॅन ऑफ द प्रेअरीज' ही दहा सेंटी कादंबरी निघाली. एका किशोरवयीन मुलाने बनवलेला वाफेचा पोलादी माणूस गाडी ओढत माळरानावर धावतो. त्याला पाहून मूलनिवासी घाबरतात, आणि शेवटी त्यांनीच वेढा घातल्यावर बॉयलर फोडून तो माणूस बॉम्बसारखा त्यांच्यावर सोडला जातो. या जातीच्या कथांना समीक्षक जॉन क्लूट यांनी पुढे 'एडिसोनेड' असे नाव दिले. म्हणजे वाफ आणि पश्चिम यांचे लग्न लागले त्याच दिवशी मांडवात प्रेत होते. 'डेडलँड्स'ला हे ठाऊक आहे. त्यात मूलनिवासींची स्वतंत्र राष्ट्रे आहेत, सू राष्ट्र आहे, कोयोटी महासंघ आहे. ती एलिसच्या भेदरलेल्या टोळ्यांसारखी नाहीत.

तरीही दोन गोष्टी खटकतात. पहिली, सगळ्या अरिष्टाचे मूळ रेव्हन या मूलनिवासी मांत्रिकाच्या सूडात ठेवले आहे. तो सस्क्वेहाना जमातीतला शेवटचा. खऱ्या इतिहासात पेनसिल्व्हेनियात १७६३ च्या डिसेंबरात पॅक्स्टन बॉइज नावाच्या गोऱ्या टोळक्याने कोनेस्टोगा इथल्या उरल्यासुरल्या वीस सस्क्वेहानॉक लोकांना दोन हल्ल्यांत ठार केले; दुसऱ्या वेळी तर ते सरकारी आसऱ्याला होते. ज्याचे लोक मारले गेले त्याचा राग हाच जगाचा शाप ठरतो, मारणाऱ्यांचा लोभ ठरत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या गाडीशी थेट जोडलेली आहे. खेळात 'ओल्ड वेज' नावाची एक शपथ आहे. ती घेतलेल्या मूलनिवासी पात्राने गोऱ्यांची आधुनिक यंत्रे वापरायची नाहीत, वापरली तर आत्मे रुसतात. हेतू आदराचा असेल. परिणाम असा की वाफेची मोटरसायकल बनवणे, तिला हवे तसे वळवणे, हा आनंद ज्याला सर्वांत सहज नाकारला जातो तो मूलनिवासी. इतिहास काय म्हणतो? माळरानावरच्या जमातींनी स्पॅनिशांनी आणलेला घोडा दोन पिढ्यांत असा आपला केला की जग त्यांना घोड्याशिवाय ओळखेना. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला कस्टरच्या घोडदळाकडे एकबारी स्प्रिंगफिल्ड होत्या. समोरच्या लाकोटा आणि शायेन योद्ध्यांपैकी अनेकांकडे हेन्री आणि विंचेस्टर या एकामागून एक बार काढणाऱ्या रायफली होत्या. परक्यांचे यंत्र उचलून आपल्या हाताला बसवणे यालाच तर 'कस्टम' म्हणतात. (१९०१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका कारखान्याने आपल्या मोटरसायकलला 'इंडियन' हे नाव दिले, पिसांचा टोप घातलेले मुंडके टाकीवर लावले. नाव चालले, चालवणारा चालला नाही.)

पिनॅकलने आपल्या जगात दुरुस्ती केलेलीच नाही असे नाही. टिकून राहिलेला आणि गुलामगिरी आपणहून सोडून देणारा दक्षिणी महासंघ हा मूळ खेळाचा सर्वांत अडचणीचा भाग होता. अलीकडच्या आवृत्तीत तो काढून टाकला आहे. काही जुने खेळाडू रागावले, पण खेळ चांगला झाला. रेव्हनची कथा मात्र पायात तशीच आहे.

या नव्या आवृत्तीचा काळ १८८४ आहे. योगायोगाने त्याच वर्षी ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये ल्युशियस कोपलंड नावाचा माणूस 'अमेरिकन स्टार' या पुढे लहान आणि मागे मोठे चाक असलेल्या सायकलला वाफेचे इंजिन बसवून ती चालवून दाखवत होता. खेळाच्या लेखकांना हवी ती गाडी, हव्या त्या वर्षी, हव्या त्या वाळवंटात, आयतीच. पण फीनिक्स तिथे का आहे? होहोकाम लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी सॉल्ट नदीतून खणलेले कालवे पंधराव्या शतकाच्या सुमारास ओस पडले होते. १८६७-६८ मध्ये जॅक स्विलिंगच्या लोकांनी त्यांचाच माग धरून पाणी पुन्हा खेळवले, आणि जुन्या वस्तीच्या राखेतून उठलेले म्हणून गावाला फीनिक्स नाव पडले. कोपलंडच्या बॉयलरपर्यंत पाणी आले ते या वाटेने.

पुढच्या वेळी टेबलावर शास्त्रज्ञाचे पात्र माझ्याकडे आले तर मी गॅटलिंग बंदुकीचे पत्ते ओढणार नाही. मार्शलला कालव्यांचा नकाशा मागेन, आणि तो काढून देणारे पात्र कोणीतरी ओधाम जमातीचे घ्यावे असे सुचवेन, शपथ न घेतलेले. ते लोक होहोकामांना आपले पूर्वज मानतात. गाडी कुठून कुठे जाऊ शकते हे मग त्याला विचारून ठरवावे लागेल.