तंत्रताण : दोष माणसाचा की कामाचा?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रेग ब्रॉड यांचे ‘टेक्नोस्ट्रेस’ हे पुस्तक १९८४ साली प्रसिद्ध झाले आणि संगणकामुळे येणाऱ्या ताणाला नाव मिळाले. त्याला आपण तंत्रताण म्हणू. संगणक मोजक्याच कचेऱ्यांत होते, त्या काळात हा प्रश्न ओळखला, हे ब्रॉड यांचे श्रेय. पण त्यांची व्याख्या मात्र तपासून घ्यायला हवी. नव्या तंत्राशी निरोगीपणे जुळवून घेता न आल्याने होणारा रोग, असा तिचा आशय आहे. रोग म्हटला की रोगी आला आणि उपचारही त्याच्यावरच आले.

रोहा तालुक्यात खांब परिसरातील एका शाळेत मी प्रकाशाच्या परावर्तनाविषयी बोलायला गेलो होतो. आरसे मांडून होतात तोच बाईंचा फोन वाजला. मुलांची काही माहिती दोन वाजेपर्यंत भरून हवी होती. तीच माहिती त्यांनी आठवड्यापूर्वी भरलेली होती! बाई फोन सफाईने वापरत होत्या, पण तास मोडला तो मोडलाच. इथे जुळवून घेण्यात कोण कमी पडले?

कामाची मागणी जास्त आणि निर्णयाचे स्वातंत्र्य कमी असेल तेव्हा ताण वाढतो, असे रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडले होते. पुढे २००७ मध्ये मोनिदीपा तराफदार व सहकाऱ्यांनी तंत्रताणाची पाच कारणे सांगितली : वाढता बोजा, खासगी वेळेवर आक्रमण, गुंतागुंत, नोकरीची असुरक्षितता आणि सततचे बदल. प्रशिक्षणाने यांतली गुंतागुंत तेवढी कमी होईल. बोजा आणि आक्रमण कमी करणे मात्र काम सोपवणाऱ्याच्याच हाती असते.

महाराष्ट्रात २०१५ साली ‘सरल’ प्रणाली आली. शाळांकडून तीच माहिती पुन्हा पुन्हा मागवावी लागू नये, हा तिचा एक हेतू होता. अशा प्रणालीची खरी कसोटी तिच्यात किती माहिती साठली ही नव्हे. शिक्षकाचे किती तास वाचले, ही आहे.

शिक्षकमित्रांनो, एक साधा प्रयोग करून पाहा. महिनाभर एक तक्ता ठेवा : कोणती माहिती मागितली, कितव्यांदा, मुदत किती दिली आणि तास मोडला का. तो केंद्रप्रमुखांसमोर ठेवा. ताण मोजणे कठीण असले, तरी मोडलेले तास मोजता येतात.