नोकरदार विद्यार्थी आणि विधिग्रंथांची मराठी

दिवसभर कचेरीत काम करून सायंकाळी कायद्याच्या वर्गास बसणारा विद्यार्थी मुंबई-पुण्याकडे एकेकाळी सर्वपरिचित होता. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनी निवासी नसलेल्या संस्थांतील विधिवर्गांची वेळ सकाळी 8 ते सायंकाळी 7 अशी बांधून दिली. रात्रीच्या वर्गास त्यामुळे जागा उरली नाही; नोकरदार विद्यार्थी मात्र उरला. कचेरीपूर्वी घाईने व्याख्यान ऐकावयाचे आणि रात्री जेवणानंतर पुस्तक उघडावयाचे, असा त्याचा क्रम असतो. अध्यापकाने सावकाश उलगडून सांगावयाचे ते आता पुस्तकासच सांगावे लागते. मराठी विधिग्रंथांच्या भाषेचे परीक्षण या वाचकाच्या बाजूने व्हावयास हवे.

या ग्रंथांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप संस्कृत परिभाषेचा. तो सरसकट मान्य करता येत नाही. व्यवहारात 'खून' हा शब्द बहुतेक कोणत्याही हत्येस लागतो. कायद्यास मात्र 'सदोष मनुष्यवध' हा व्यापक वर्ग आणि 'खून' हा त्यातील विशिष्ट प्रकार, असा भेद करावा लागतो. 1860 ची दंडसंहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी कलम 100 व 101 मध्ये हा भेद कायम आहे. येथे नवा शब्द घडविणे अपरिहार्य होते, आणि तो चांगला घडला आहे.

'प्रतिफल' या शब्दाची गोष्ट निराळी. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्यास खरेदीखतातील 'मोबदला' पाठ असतो. करार कायद्याच्या पुस्तकात 'प्रतिफल' भेटले, की ही कोणी वेगळीच वस्तू असावी असे त्यास वाटते. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून एखादी गोष्ट न करणे हेही 1872 च्या त्या कायद्याच्या कलम 2 नुसार प्रतिफल ठरते; 'मोबदला' तेवढा ताणला जात नाही, हे खरे. पण 'फल' तरी तेथवर कोठे पोहोचते? ओळखीचा शब्द ठेवून त्याची व्याप्ती दोन वाक्यांत सांगता आली असती.

तथापि खरी अडचण शब्दांची नसून वाक्यांची आहे. इंग्रजी कलमात मुख्य क्रियापद बहुधा लवकर येते; अटी मागाहून जोडल्या जातात. मराठीत क्रियापद शेवटी. मूळचे एक वाक्य एकच ठेवण्याच्या हट्टाने साऱ्या अटी क्रियापदाच्या आधी साचतात, आणि विधान हाती येईपर्यंत वाचकास त्या मनात धरून ठेवाव्या लागतात. थकलेल्या वाचकाचे पहिली अट सुटली, की सारे वाक्यच सुटते.

'या अधिनियमात काहीही अंतर्भूत असले तरी' हा प्रयोग याहून फसवा. बोलीत 'काहीही असले तरी' म्हणजे बेफिकिरी. कायद्यात तो अग्रक्रमाचा हुकूम आहे. 'इतर कलमांत वेगळे म्हटले असले, तरी येथील तरतूदच चालेल' असे लिहिल्याने काय बिघडते? अधिनियमाच्या अधिकृत पाठास शब्दशः निष्ठेचे बंधन असेल. पाठ्यपुस्तकास ते नाही. परंतु बहुतेक लेखक तोच पाठ भाष्यातही उतरवून ठेवतात. परिणामी मराठी वाक्य समजावे म्हणून विद्यार्थी रात्री अकरा वाजता मूळ इंग्रजी कलम शोधतो, आणि परीक्षेत मराठी उत्तर लिहिताना त्या इंग्रजीचीच वळणे गिरवितो.