सातबारावरील कंस आणि आडवी रेष : संगणकीय नोंदींच्या दृश्यसंकेतांची चिकित्सा

संगणकीय प्रणालीतील नोंद केवळ शब्दांतून व्यक्त होत नाही. तिचा रंग, अक्षरांचा ठळकपणा, तिच्यावर ओढलेली रेष यांवरून ती चालू आहे, प्रलंबित आहे की रद्द झाली आहे, हे वाचकाने ओळखावे अशी अपेक्षा असते. या संकेतांची चर्चा बहुधा कार्यालयीन तक्त्यांपुरती मर्यादित राहते. महाराष्ट्रात मात्र त्यांचा संबंध थेट जमिनीच्या हक्काशी येतो आणि त्याचे ठळक उदाहरण म्हणजे गाव नमुना सात-बाराचा संगणकीय उतारा होय.

सप्टेंबर २०२० मध्ये महसूल विभागाने या उताऱ्याच्या रचनेत अनेक बदल केले. त्यांतील एक बदल वरवर पाहता किरकोळ वाटतो. मयत खातेदारांची नावे, फिटलेले कर्जबोजे आणि ई-कराराच्या कमी झालेल्या नोंदी तोपर्यंत कंसात दाखविल्या जात. नव्या नमुन्यात त्यांवर आडवी रेष मारण्याचे ठरले.

कंसाची ही जुनी पद्धत सामान्य वाचकाची दिशाभूल करणारी होती, हे मान्य करावे लागेल. मराठी लेखनात कंस हा खुलाशासाठी किंवा पर्यायी शब्दासाठी येतो. कंसातील मजकूर दुय्यम असतो, पण तो खोटा किंवा रद्द नसतो. महसुली दप्तरात मात्र नाव कंसात गेले की हक्क संपला. तलाठ्याला हा अर्थ सवयीने कळे. वारसाला तो विचारावा लागे. तरीही या पद्धतीमागे एक शहाणपण होते. जुनी नोंद नाहीशी होता कामा नये, ती पूर्णपणे वाचता आली पाहिजे, ही दप्तराची गरज कंस चोख भागवीत असे.

ही गरज किती खरी आहे, हे शिरवणे गावाच्या संदर्भात विशेष जाणवते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ज्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या, त्यांत शिरवणे आहे. अशा गावात आज हक्क कोणाचा, याइतकाच पूर्वी तो कोणाचा होता, हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो. साडेबारा टक्के योजनेतील भूखंडावर वारस दावा सांगतो, तो मूळ खातेदाराच्या नावावरूनच. म्हणजे रद्द झालेले नाव हे तेथे निरुपयोगी नाव नव्हे.

आडवी रेष अशिक्षितालाही कळते, हा तिचा गुण निर्विवाद आहे. परंतु तिच्या दोन मर्यादांचा पुरेसा विचार झालेला दिसत नाही. पहिली लिपीची. देवनागरी अक्षराला शिरोरेषा आधीच आहे. तिच्या खाली दुसरी समांतर रेष आली की लहान टंकात अक्षराचे पोट भरून जाते. ‘व’च्या पोटातून रेष गेली की तो ‘ब’सारखा दिसू लागतो, ‘प’चा ‘ष’ होतो. रोमन लिपीत सुटसुटीत वाटणारी ही खूण देवनागरीत, विशेषतः झेरॉक्सच्या झेरॉक्सवर, नाव वाचणेच कठीण करते.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. कंस हे चिन्ह मजकुराचाच भाग असते. ते अक्षरांबरोबर साठविले जाते आणि मजकुराबरोबर प्रवास करते. रेष ही अक्षरांच्या रूपाची खूण आहे. मजकूर एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत साध्या अक्षरांच्या स्वरूपात नेला, की रूप गळून पडते आणि मयत खातेदार पुन्हा जिवंत खातेदारांच्या रांगेत येऊन बसतो. दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावलीही अशी रेष सहसा उच्चारत नाही. थोडक्यात, वाचायला अवघड असलेले कंस टिकाऊ होते आणि वाचायला सोपी असलेली रेष नाजूक आहे.

रंगाचा मोह या नमुन्याने टाळला, हे योग्यच झाले. उतारा अखेर काळ्यापांढऱ्या प्रतीतच बँकेत, न्यायालयात आणि साठेखताच्या बैठकीत फिरतो. रंगांधळ्या व्यक्तींचा प्रश्न आहेच. केवळ रंगावर विसंबून अर्थ सांगू नये, हे तत्त्व वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्टियमच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आले होते. शिरवण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याच्या मालसाठ्याच्या तक्त्यात पिवळ्या चौकटीचा अर्थ ज्या लिपिकाने ती रंगविली त्यालाच ठाऊक असतो; तो नोकरी सोडून गेला की अर्थही त्याच्याबरोबर जातो.

विशेष म्हणजे याच २०२० च्या नमुन्यात अधिक चांगला मार्ग उपलब्ध आहे. फेरफार प्रलंबित नसेल, तर तसे स्पष्ट शब्दांत छापण्याची तरतूद त्यात आहे. येथे स्थिती शब्दांत सांगितली आहे. ती झेरॉक्समध्ये टिकते, दुसऱ्या प्रणालीत टिकते, ऐकूही येते. प्रलंबित फेरफाराला दिलेला हा न्याय रद्द झालेल्या नावाला नाकारण्याचे कारण दिसत नाही. ‘मयत’, ‘विक्री’, ‘संपादन’ यांपैकी एक शब्द नावापुढे आला, तर रेष साहाय्यक म्हणून खुशाल राहावी. आज ती एकटीच आहे, आणि नाव का कमी झाले हे विचारणाऱ्या वारसाला जुना फेरफार क्रमांक शोधत तलाठी कार्यालयात जावे लागते.