पसंत न पडलेली पाहुणी

ख्रिसमसच्या सिनेमात घरातले लोक कितीही भांडले तरी शेवटी गोड होणार, हे आपण धरूनच चालतो. थॉमस बेझूचाचा 'द फॅमिली स्टोन' (२००५) मात्र आधी बराच वेळ कडू राहतो.

एव्हरेट (डर्मट मलरोनी) मॅनहॅटनमधल्या मेरेडिथला (सारा जेसिका पार्कर) ख्रिसमससाठी आईवडिलांकडे आणतो. आजीची अंगठी देऊन तिला लग्नाची मागणी घालायचा त्याचा बेत आहे. घर मोकळंढाकळं, पुरोगामी. एक मुलगा बहिरा आणि गे, त्याचा जोडीदार कृष्णवर्णीय. त्या दोघांवर सगळ्यांचा जीव. तेच घर या घाबरट, टापटीप पाहुणीला दारातच नापास करतं. तिच्या घसा खाकरण्याच्या सवयीवरूनही टिंगल होते.

तेव्हाची परीक्षणं संमिश्र होती. तक्रारी मुख्यतः दोन: सिनेमा विनोदातून एकदम रडारडीत उडी मारतो, आणि हे कुटुंब फार दुष्ट आहे. दुसरी तक्रार मला सिनेमाची ताकद वाटते.

जेवणाच्या टेबलावर मेरेडिथ विचारते, आपलं मूल गे असावं असं कोणत्या आईवडिलांना वाटेल? प्रश्न दुखावणाराच आहे. आई सिबिल (डाएन कीटन) म्हणते, मला तर सगळेच मुलगे गे हवे होते, म्हणजे कुणी मला सोडून गेलं नसतं. वाक्य गमतीचं आहे. पण तिचा कॅन्सर परतलाय, सोडून जाणारी तीच आहे. नव्या माणसाला हळूहळू आवडून घ्यायला तिच्याकडे वेळ नाही. तिचा दुष्टपणा त्या घाईतून येतो. म्हणून तो माफ होत नाही, पण कळतो.

समीक्षकांशी मी सहमत होते ती शेवटाकडे. एव्हरेट मेरेडिथच्या बहिणीच्या प्रेमात, मेरेडिथ त्याच्या भावाच्या. एका सणात एवढी अदलाबदल पटत नाही.

पण त्याआधी मेरेडिथ भेटवस्तू वाटते: गरोदर सिबिलचा जुना फोटो, प्रत्येकासाठी फ्रेम केलेला. आजाराबद्दल तिला काहीच माहीत नाही. जिला घरात जागा मिळाली नाही, तीच घराला आई जपायला देते. त्या क्षणी कुणीही भाषण करत नाही, माफीही मागत नाही. पुढच्या वर्षीच्या ख्रिसमसला सिबिल नाही, तो फोटो आहे.

ऑक्टोबर २०२५मध्ये कीटन गेली. आता हा शेवट पाहताना 'रडारड' हा शब्द मला तरी वापरवत नाही.